नौदलाचे शस्त्रागार : उरणजवळील करंजा

रायगड जिल्ह्यात उरणजवळ करंजा येथे असलेला नौदलाचा शस्त्रसाठा डेपो, म्हणजे युद्धनौकांसाठी लागणारा दारूगोळा साठवून, तपासून तो पुरवणारे आगार, पश्चिम किनाऱ्यावरील ताफ्याच्या सज्जतेचा कणा आहे. गोदीत दुरुस्तीला जाण्यापूर्वी नौकेवरील दारूगोळा सहसा उतरवून घेतला जातो. या खबरदारीचे मोल मुंबईने 14 एप्रिल 1944 रोजी जाणले, कारण व्हिक्टोरिया गोदीतील ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र होत्या, आणि आगीनंतर झालेल्या स्फोटांत शेकडो माणसे दगावली.

म्हणूनच अशा आगारातील कोठारे एकमेकांपासून दूर, मातीच्या बांधांआड असतात, आणि भोवतालच्या सुरक्षा पट्ट्यात, म्हणजे स्फोटाची झळ पोहोचू शकेल अशा क्षेत्रात, बांधकामास निर्बंध असतो. या पट्ट्यात येणाऱ्या उरणकरांच्या घरांचा प्रश्न याच निर्बंधातून उद्भवला असून तो न्याय्यपणे सुटणे आवश्यक आहे.

किनाऱ्यापासून दूर असलेल्या खानदेशात नौदलाचे आगार नाही. मात्र दारूगोळ्याशी त्याचाही संबंध आहे: तेथील जळगाव जिल्ह्यातील वरणगावची आयुध निर्माणी बंदुकांची काडतुसे बनवते आणि 2021 पासून ती ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीचा भाग आहे.