जाड बुडाचं भांडं

द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सियसला उकळतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या याच द्रवात जपून ठेवतात. ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवण्याचे, हौशी लोक तो प्रोसेसरच्या डोक्यावर बसवलेल्या तांब्याच्या भांड्यात ओततात. हे भांडं कित्येक जण लेथवर स्वतः घडवतात. डिसेंबर २००३ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाच्या चमूनं पेंटियम ४ प्रोसेसरला ५ गिगाहर्ट्‌झपलीकडे नेलं, ते याच द्रवाच्या बळावर.

वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. कडाक्याच्या थंडीत मात्र ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा वीजप्रवाह घटतो, चिपमधल्या तारांचा रोधही उतरतो. मग तीच चिप एरवी न झेपणारा वेग पेलते.

भांड्याच्या भिंतीचं काम फक्त द्रव धरून ठेवण्याचं. सगळं कसब बुडात असतं. गार तांब्याची उष्णता साठवण्याची क्षमता निम्म्यावर येते. दोन किलोचं बूड असलं तरी २०० वॅटचा प्रोसेसर, द्रव आटताच, ते सेकंदाला साधारण अर्ध्या अंशानं तापवतो. बूड पातळ असेल तर ओतणाऱ्याला सावरायला वेळच मिळत नाही.

शिवाय सुरुवातीला नायट्रोजन तांब्याला नीट शिवतच नाही. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो, तसा तो स्वतःच्याच वाफेच्या पापुद्र्यावर तरंगतो, कारण खोलीच्या तापमानाचं तांबंही त्याला तव्यासारखंच. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्यानं १७५६ मध्ये या परिणामाचं वर्णन केलं होतं. म्हणून बुडात आतल्या बाजूनं ड्रिलनं खोल भोकं पाडतात, आरपार न जाणारी. द्रवाला भिडणारा पृष्ठभाग त्यानं वाढतो. हे काम चिकाटीचं आहे: तांबं चिवट, ड्रिल अडकतं, थोडं आत गेलं की बाहेर काढून कीस साफ करायचा, तेल सोडायचं, पुन्हा उतरायचं. प्रोसेसरवर टेकणारी बाजू सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलेली बरी. भिंत आणि बूड जोडायला चांदीचं ब्रेझिंगच हवं. कथलाचं सोल्डर एवढ्या थंडीत ठिसूळ होतं.

भांड्याबाहेर हवेतली वाफ गोठते आणि वितळली की मदरबोर्डवर पाणी उतरतं. एसीच्या नळ्यांना गुंडाळतात तो काळा रबरी फोम भोवती घट्ट बसवतात, सॉकेटच्या आसपास व्हॅसलीनही फासतात.

एक लिटर द्रव २०० वॅटपुढे जेमतेम तेरा मिनिटं पुरतो, पण त्याचा वायू होतो सुमारे ७०० लिटर. बंद खोलीत तो ऑक्सिजनची जागा घेतो. त्याला ना वास, ना रंग. गुदमरतोय हे कळायच्या आत माणूस कोसळू शकतो. म्हणून दारं-खिडक्या सताड उघड्या हव्यात, आणि वायू आत कोंडू नये म्हणून द्रव भरलेल्या भांड्याला घट्ट झाकण कधीही लावायचं नाही.