पीकरक्षणाची बंदूक व सरकारी नोंदवही

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी वाडवडिलांपासून चालत आलेली ठासणीची अथवा बारा बोअरची बंदूक असेल. कोकणात, घाटमाथ्यावर व विदर्भाच्या जंगलपट्टीत रानडुकरे, रोही व गवे ह्यांचा उपद्रव वाढल्यापासून नवीन परवान्याची इच्छा धरणारेही थोडे नाहीत. परंतु बंदूक जवळ बाळगणे म्हणजे केवळ एक अवजार बाळगणे नव्हे. नांगर किंवा मोट घरात असल्याची वर्दी कोणास द्यावी लागत नाही. बंदुकीबरोबर मात्र धन्याचे नाव, गाव, छायाचित्र व जन्मतारीख सरकारी नोंदवहीत जाऊन बसते. ही नोंदवही पूर्वी कचेरीतल्या कपाटात असे. आता ती साऱ्या देशाची मिळून एक झाली आहे. ही नोंद कशासाठी आहे, तिच्यापासून आपणांस लाभ कोणता व भय कोणते, आणि आपण काय करावे, ह्याचा थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने १८६० साली शस्त्रांविषयी कडक कायदा केला व पुढे लॉर्ड लिटन ह्यांच्या कारकिर्दीत १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. परवान्यावाचून हत्यार बाळगण्याची मनाई ह्या कायद्याने झाली. पण त्याखालील नियमांनी युरोपियनांस सूट दिली होती. एकाच देशात एकास विश्वास व दुसऱ्यास संशय, असा हा प्रकार असल्यामुळे राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास येथील अधिवेशनापासूनच ह्या कायद्याविरुद्ध ठराव केले. तेव्हा नोंदीविषयी आपल्या लोकांच्या मनात जी अढी आहे ती निष्कारण उत्पन्न झालेली नाही. परक्या सरकारची नोंदवही ही प्रजेच्या रक्षणासाठी नसून प्रजेपासून स्वतःच्या रक्षणासाठी होती.

स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम झाला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. परवान्याची आवश्यकता त्यानेही कायम ठेवली. मात्र वर्णावरून भेद करणारी जुनी दृष्टी त्यात नाही. इतकेच नव्हे, तर शेतकऱ्याची गरज ह्या कायद्याने स्पष्ट शब्दांत मान्य केली आहे. त्याच्या १३ व्या कलमात, खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असल्यास परवाना द्यावा असे म्हटले असून, तेवढीने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही परवाना देता येतो. १४ व्या कलमात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नाकारल्यास कारणे लेखी नमूद करावी लागतात व मागितल्यास ती अर्जदारास थोडक्यात कळवावी लागतात; सार्वजनिक हिताच्या दृष्टीने ती न कळविणे इष्ट वाटल्यास तेवढा अपवाद आहे. नकाराविरुद्ध अपिलाचीही सोय आहे. लहान खातेदाराने ही कलमे ध्यानात ठेवावी.

आता नोंदवहीकडे वळू. पूर्वी प्रत्येक जिल्ह्याचे दप्तर निराळे असे. एका जिल्ह्यात दिलेला परवाना खरा की खोटा, हे दुसऱ्या जिल्ह्यातील फौजदारास सहजासहजी कळत नसे आणि ह्याचाच फायदा घेऊन खोटे परवाने चालत. हे टाळण्यासाठी केंद्र सरकारने २०१२ पासून शस्त्रपरवान्यांची राष्ट्रीय माहितीसूची तयार करण्यास आरंभ केला. प्रत्येक परवानेधारकाची माहिती संगणकात भरली जाते व त्यास एक स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी ही व्यवस्था पक्की केली. ज्या जुन्या परवान्यांना असा क्रमांक नाही ते निरर्थक ठरतील असे सरकारने जाहीर केले. त्यासाठी दिलेली मुदत पुष्कळदा वाढविण्यात आली, परंतु ती कायमची वाढत राहील अशा भरवशावर कोणी राहू नये. ह्या नोंदीत धारकाचे नाव, पत्ता, छायाचित्र व ओळखीचा पुरावा ह्यांबरोबर बंदुकीचा प्रकार, बोअर व तिच्यावर कोरलेला क्रमांक हेही असते.

ह्या व्यवस्थेचे स्वरूप आमच्या वाचकांस सातबाराच्या उदाहरणाने चटकन समजेल. सातबारा जमीन निर्माण करीत नाही; जमीन कोणाच्या नावे व कोणाच्या वहिवाटीत आहे ते तो सांगतो. उतारा बिनचूक असेल तर तो धन्याचा आधार. त्यात चूक असेल तर धनी कचेरीच्या पायऱ्या झिजवितो. बंदुकीच्या नोंदीचेही तसेच आहे. चोरीस गेलेली बंदूक एखाद्या गुन्ह्यात सापडली, तर ती कोणाची होती व चोरीची वर्दी कधी दिली होती, हे नोंदीवरून ठरते आणि निरपराध धनी सुटतो. पण एक भेद आहे व तो मोठा आहे. सातबाऱ्यातील चुकीने फार तर दावा लागेल. बंदुकीच्या कागदातील चुकीने मनुष्य फौजदारी गुन्ह्यात सापडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावाचून बंदूक बाळगल्यास कमीत कमी दोन वर्षे व जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आणि शिवाय दंड अशी शिक्षा आहे.

समजा, एका खातेदाराचा वडील वारला. बंदूक माळ्यावर तशीच राहिली. मुलास वाटते, बंदूक बापाची म्हणजे आता आपली. परंतु परवाना हा घरासारखा वारसाने उतरत नाही. तो व्यक्तीचा असतो व व्यक्तीबरोबर संपतो. परवाना नसताना बंदूक घरात राहिली की कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली पाहिजे आणि मग वारसाने आपल्या नावे परवाना मागितला पाहिजे. वडील हयात असतानाच, त्यांचे वय सत्तर वर्षांचे झाल्यावर अथवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षे झाल्यावर, त्यांनी नेमलेल्या वारसास परवाना मिळण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. तिचा उपयोग करून घेणे शहाणपणाचे. ज्या मुलाने कधी चाप ओढला नाही तो केवळ आळसामुळे आरोपी व्हावा, ह्याहून दुःखाची गोष्ट कोणती?

येथवर नोंदीची आवश्यकता सांगितली. आता दुसरी बाजू. जी माहिती सरकारच्या हाती जाते ती तेथेच राहील अशी खात्री काय? परदेशांतील अनुभव ह्या बाबतीत बोधप्रद आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क संस्थानात २०१२ च्या डिसेंबरात एका वृत्तपत्राने दोन परगण्यांतील पिस्तुलाच्या परवानेधारकांची नावे व पत्ते सरकारी दप्तरातून कायदेशीरपणे मिळवून नकाशावर छापले. कोणाच्या घरी हत्यार आहे व कोणाच्या घरी नाही, हे चोरासही त्यावरून कळावे असा तो प्रकार होता. मोठा गदारोळ झाला आणि पुढच्याच महिन्यात तेथील कायद्यात अशी माहिती गुप्त ठेवण्याची मागणी करण्याचा हक्क धारकांना मिळाला. कॅलिफोर्निया संस्थानात २०२२ च्या जूनमध्ये तर सरकारी खात्याच्याच संकेतस्थळावरून शस्त्रपरवान्यासाठी अर्ज केलेल्या सुमारे १,९२,००० लोकांची नावे, पत्ते व जन्मतारखा उघड्यावर पडल्या. तेथे कोणी चोरी केली नव्हती. निष्काळजीपणा पुरेसा झाला.

कॅनडाचे उदाहरण निराळे आहे. तेथे १९९५ च्या कायद्याने साध्या लांब बंदुकांचीही नोंद सक्तीची केली. मूळ अंदाज निव्वळ खर्च वीस लाख डॉलर येईल असा होता. २००२ साली तेथील महालेखापरीक्षकांनी तो काही वर्षांत शंभर कोटींवर जाईल असे दाखवून दिले. ग्रामीण भागातील शेतकरी व शिकारी ह्यांचा विरोध कधीच शमला नाही. शेवटी २०१२ साली ती नोंद रद्द झाली व नोंदी नष्ट करण्याचे ठरले. क्वेबेक प्रांताने आपल्यापुरत्या नोंदी मागितल्या, परंतु २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती मागणी फेटाळली. ज्या नोंदीवर लोकांचा विश्वास बसत नाही ती कितीही पैसा ओतला तरी तग धरीत नाही, हा ह्यातील धडा होय.

आपल्या देशात संरक्षण काय आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निर्णय दिला. सरकारने ह्या हक्कास हात घालावयाचा तर त्यास कायद्याचा आधार हवा, योग्य हेतू हवा व उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा, असे तत्त्व त्यातून निघते. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदाही, जिच्यामुळे कोणाच्या जीवितास धोका पोहोचेल अशी माहिती उघड करण्याची सक्ती करीत नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला व त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. मात्र राज्याची सुरक्षितता व सार्वजनिक सुव्यवस्था ह्यांसाठी सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा मार्ग ह्या कायद्याने मोकळा ठेवला आहे. तेव्हा कायद्याचे कुंपण आहे, पण त्यास फाटकही आहे आणि फाटकाची किल्ली सरकारच्याच कमरेला आहे, हे आपण विसरू नये.

नोंदीचा उपयोग प्रत्यक्ष कसा होतो ह्याचे एक उदाहरण प्रत्येक निवडणुकीच्या वेळी दिसते. यादीवरून धारकांस बंदुका जमा करण्याचे हुकूम सुटतात. पीक उभे असेल तर शेतकऱ्याची अडचण होते. ह्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा येथील खंडपीठाने २००९ साली दिलेला निर्णय माहीत असावा. सरसकट सर्वांस एकच हुकूम न काढता छाननी समितीने प्रत्येक धारकाचा स्वतंत्र विचार करावा, असा त्याचा आशय आहे. ज्यास अडचण असेल त्याने हुकूम मोडू नये. आपल्या पिकाची स्थिती लिहून समितीकडे अर्ज करावा.

दुसरी एक नोंद पुष्कळांच्या गावीही नसते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणे, अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानेधारकाने अभयारण्य जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वनखात्याकडेही आपले नाव नोंदविले पाहिजे. आणि त्या टापूत नवीन परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीवाचून मिळत नाही. राधानगरी किंवा कोयना अभयारण्याच्या आसपासच्या बांधवांनी ह्याकडे लक्ष द्यावे. तसेच बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. रानडुकरासाठीदेखील वनखात्याची लेखी परवानगी निराळी लागते.

ह्यावरून आमच्या वाचकांस आमची सूचना अशी. परवाना काढून त्यावरील ओळख क्रमांक, नाव, पत्ता व बंदुकीवरील क्रमांक आज ताडून पाहावे. चूक आढळल्यास लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. ती संपण्याची वाट न पाहता नूतनीकरणाचा अर्ज करावा. एका माणसास दोनहून अधिक बंदुका ठेवता येत नाहीत, हे स्मरणात असावे. घर बदलल्यास कळवावे, बंदूक हरवल्यास त्याच दिवशी ठाण्यात वर्दी द्यावी, आणि रात्रीच्या राखणीसाठी कायद्याने अधिकार नसलेल्या गड्याच्या हाती ती देऊ नये. परवान्याच्या नकला वाटेल त्यास देऊ नयेत व त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून सोयऱ्याधायऱ्यांत फिरवू नये. आपली माहिती आपणच उधळली तर सरकारकडे बोट दाखविण्यात अर्थ उरत नाही.

सरकारकडे आमचे मागणे इतकेच की, जितकी माहिती ह्या कामास अवश्य तितकीच घ्यावी, ती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, कोणी ती केव्हा पाहिली ह्याची टिपणे ठेवावी, आणि चूक दुरुस्त करण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी असावी. शेतकऱ्याने आपले नाव नोंदविले ते गुन्हेगार म्हणून नव्हे, तर कायदा पाळणारा म्हणून. ज्याने नोंदच केली नाही त्याचे नाव कोणत्याही वहीत सापडत नाही. तेव्हा जो स्वखुशीने आपले घरदार सरकारपुढे उघडे करतो, त्याच्या विश्वासाचे रक्षण करणे हे त्याच्या पिकाच्या रक्षणाइतकेच महत्त्वाचे आहे.