तटस्थ! पण किती दिवस?

मित्रांनो, इतिहासाचा पेपर दहावीला सुटला तो सुटलाच. नंतर आपण सगळे सायन्सला आणि तिथून इथे आलो. पण तेव्हाचा एक प्रश्न अनेकांच्या डोक्यात तसाच राहून गेलेला असतो. पहिले महायुद्ध सुरू झाले १९१४ साली, अमेरिका उतरली एप्रिल १९१७ मध्ये. दुसरे सुरू झाले सप्टेंबर १९३९ मध्ये, अमेरिका उतरली डिसेंबर १९४१ मध्ये. एवढा बलाढ्य देश, मग दोन-अडीच वर्षे नुसता बघत का बसला? घाबरला म्हणावे, तर तसेही दिसत नाही.

उत्तर शोधायला वॉशिंग्टनला जायची गरज नाही. आपल्या शहरापासून सरळ रेषेत साधारण सत्तर किलोमीटरवर, जालना जिल्ह्यात असई नावाचे गाव आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी एक मोठी लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला कंपनी सरकारचा आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा माणूस तो, जो त्या दिवशी असईला नव्हताच : यशवंतराव होळकर.

आधी थोडी पार्श्वभूमी

त्या काळात यशवंतरावांची ताकद काय होती? २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, त्यांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला आणि ३१ डिसेंबरला त्याने वसईला इंग्रजांशी तह केला. कंपनीची फौज पदरी ठेवायची, तिचा खर्च द्यायचा आणि परराष्ट्र कारभार कंपनीला विचारून करायचा, असा तो तह. मे १८०३ मध्ये इंग्रजांनी त्याला पुन्हा पुण्याच्या गादीवर बसवले.

हा तह शिंदे-भोसल्यांना मान्य होणे शक्यच नव्हते. युद्ध अटळ दिसू लागले, तशी दोघांनी होळकरांना बोलावणी पाठवली. तिघे एकत्र आले असते तर कंपनीला चांगलेच जड गेले असते. पण यशवंतराव आले नाहीत. तापी ओलांडून ते माळव्यात निघून गेले.

आता तुम्ही म्हणाल, हा तर सरळ दगा! थांबा, जरा त्यांच्या जागी उभे राहून बघू.

तटस्थतेचे गणित

पहिला फॅक्टर : जुना हिशोब. यशवंतरावांचे भाऊ विठोजी यांना बाजीरावाने १८०१ साली पुण्यात हत्तीच्या पायी दिले होते. त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले होते. होळकरांच्या गादीचा लहानगा वारस खंडेराव शिंद्यांच्या ताब्यात होता. ज्यांच्याशी कालपर्यंत लढलो त्यांच्यासाठी आज रक्त सांडायचे, हे कोणाला पटेल? आणि हे दोघे जिंकले तर उद्या आपल्यावरच उलटणार नाहीत, याची गॅरंटी कोण देणार?

दुसरा फॅक्टर : दोघे भांडून थकले की तिसरा आपोआप मोठा होतो. शिंदे जिंकले तरी खिळखिळे होणार, हरले तर प्रश्नच मिटला. आपली फौज शाबूत ठेवायची आणि शेवटी दोघांशीही आपल्या अटींवर बोलायचे.

तिसरा फॅक्टर : तटस्थ माणसाला दोन्हीकडून मान मिळतो. त्या उन्हाळ्यात उत्तरेकडे जाताना होळकरांच्या फौजेने औरंगाबादेतून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातून, खंडणी वसूल केली. शहर निजामाचे आणि निजाम कंपनीचा दोस्त. तरी कंपनीने ते युद्धाचे कारण केले नाही, कारण या वेळी होळकरांना डिवचणे परवडणारे नव्हते.

आता हेच फॅक्टर अमेरिकेला लावून पाहा. १९१४ नंतर ब्रिटन-फ्रान्सला धान्य, कापूस, दारूगोळा विकून आणि कर्ज देऊन अमेरिका श्रीमंत होत गेली. देशात जर्मन आणि आयरिश वंशाचे लाखो लोक होते, त्यामुळे कोणाची बाजू घ्यावी यावर घरातच एकमत नव्हते. इटलीने तर १९१४ साली जर्मनी-ऑस्ट्रियाशी करार असूनही अंग काढून घेतले, दोन्हीकडे भाव विचारला आणि मे १९१५ मध्ये ज्यांनी जास्त प्रदेश कबूल केला त्यांच्या बाजूने उतरली! थोडक्यात, तटस्थता म्हणजे भित्रेपणा नव्हे आणि साधुत्व तर अजिबातच नव्हे. तो एक हिशोब असतो.

मग होळकरांचे कुठे चुकले?

हिशोबातल्या एका गृहीतकात. तटस्थ राहण्याचा फायदा मिळायचा तर युद्ध लांबले पाहिजे, म्हणजे दोन्ही बाजू झिजतात. १८०३ चे युद्ध लांबलेच नाही. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. सप्टेंबरमध्ये उत्तरेत जनरल लेकने अलीगढ आणि दिल्ली घेतली, इकडे असई झाली. असईला वेलस्लीची सुमारे दीड हजार माणसे मेली किंवा जखमी झाली, शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रजांना असे भाजून काढले होते. पण मैदान त्याच्याच हाती राहिले. डिसेंबर संपायच्या आत भोसल्यांनी देवगावला आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला तह केले. जेमतेम पाच महिन्यांत खेळ खलास! दोघे थकण्याऐवजी एक संपला आणि दुसरा दुप्पट झाला.

त्यानंतर होळकरांनी चौथाईचा हक्क आणि दुआबातले परगणे मागितले, तेव्हा कंपनीच्या बोलण्यातला गोडवा गेलेला होता. एप्रिल १८०४ मध्ये युद्ध सुरू झाले. यशवंतराव लढले मात्र जबरदस्त. कर्नल मॉन्सनच्या फौजेला त्यांनी मुकुंदवाडा खिंडीपासून आग्र्यापर्यंत पळवत नेले. पुढे भरतपूरच्या जाटांच्या किल्ल्यावर लेकचे चार हल्ले फसले. पण आता ते जवळजवळ एकटे होते. मॉन्सनबरोबर सुरुवातीला शिंद्यांचेच एक पथक होते, ते नंतर होळकरांना येऊन मिळाले. शिंदे स्वतः फेब्रुवारी १८०४ मध्येच कंपनीशी मैत्रीचा तह करून बसले होते. शेवटी यशवंतराव पंजाबात गेले आणि रणजितसिंहांकडे मदत मागितली. रणजितसिंहांनी काय केले? ते तटस्थ राहिले! २४ डिसेंबर १८०५ रोजी व्यास नदीच्या काठी राजघाटला होळकरांनाही तह करावा लागला.

समुद्र आणि नदी

'तट' म्हणजे काठ, त्यावर उभा तो तटस्थ. अमेरिका आणि युद्ध यांच्यामध्ये अटलांटिक महासागर होता. तो ओलांडून युद्ध दारात यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात कारखाने उभे करता येतात, सैन्यभरती करता येते. १९१७ साली जर्मन पाणबुड्या अमेरिकेची जहाजे बुडवू लागल्या आणि १९४१ साली पर्ल हार्बरवर बाँब पडले, तेव्हा हा काठही सुटला. पण तोवर तयारीला अवधी मिळाला होता आणि लढणारे मित्रही अजून उभे होते. होळकरांकडे महासागर नव्हता. मध्ये होती तापी आणि नर्मदा, आणि ज्यांच्या खांद्याला खांदा लावता आला असता ते आधीच आडवे झाले होते.

म्हणून मला वाटते, बलाढ्य राज्य युद्धाबाहेर राहते तेव्हा 'ते का थांबले?' एवढेच विचारून भागत नाही. 'त्याच्याजवळ थांबायला वेळ किती आहे, आणि ते उतरेल तेव्हा सोबतीला कोण उरलेले असेल?' हेही विचारावे लागते. १८०३ साली हा प्रश्न पुण्यात, उज्जैनीत, नागपुरात आणि इंदुरात प्रत्येकाने फक्त स्वतःपुरता सोडवला. चारही उत्तरे आपापल्या जागी बिनचूक होती, बेरीज मात्र शून्य आली.

एखाद्या रविवारी वेळ काढून असईला जरूर जा. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातले ते गाव आणि आजूबाजूची शेते निवांत बघा. मराठी सत्तेचा एक मोठा निकाल तिथे लागला, आणि त्यात न लढलेल्यांचाही वाटा होता.