कानामागे की कानात?

चष्मा लावायला कुणी लाजत नाही. उलट नंबर नसताना स्टाईल म्हणून चष्मा लावणारे आमच्याच वर्गात दोघे-तिघे आहेत. पण कानाचं मशीन म्हटलं की घरात कुजबुज सुरू होते, आणि दुकानात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न येतो तो म्हणजे, "बाहेरून दिसणार नाही ना?"

माझ्या काकांनीही हेच विचारलं होतं. दुकानदाराने लगेच सगळ्यात छोटं, कानाच्या आत गडप होणारं मशीन काढून दाखवलं. आजीच्या कानाचा साचा घेतला, पंधरा दिवसांनी मशीन आलं, चाळीस-पंचेचाळीस हजार गेले. आणि आजीने ते आठवडाभर वापरून कपाटातल्या स्टीलच्या डबीत ठेवून दिलं. का, तर ते शिट्टी मारतं, स्वतःचाच आवाज पिंपातून आल्यासारखा येतो आणि संधिवाताच्या बोटांना त्यातला सेल बदलता येत नाही. तिन्ही तक्रारी शंभर टक्के खऱ्या होत्या आणि गंमत म्हणजे तिन्हींचं उत्तर आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकात आहे. पुढे मी आजीला घेऊन एका ऑडिओलॉजिस्ट मॅडमकडे गेले. त्यांना मी इतके प्रश्न विचारले की शेवटी त्या म्हणाल्या, "तुझी व्हायवा आहे की माझी?"

मित्रांनो, सुरुवात मशीनपासून करायचीच नाही. सुरुवात करायची ऑडिओग्रामपासून. हा एक साधा ग्राफ असतो. आडव्या अक्षावर २५० ते ८००० हर्ट्झ, उभ्या अक्षावर डेसिबल, पण उलटा. म्हणजे रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. उजवा कान लाल गोल, डावा कान निळी फुली. आजीच्या ग्राफमध्ये २५० आणि ५०० हर्ट्झला २५-३० डेसिबल, म्हणजे जवळजवळ ठीकच. मग रेघ घसरगुंडीसारखी खाली येते आणि ४००० हर्ट्झला ७० वर जाऊन बसते. वयामुळे ऐकू कमी येणाऱ्या बहुतेकांचा ग्राफ असाच असतो, आधी वरच्या फ्रीक्वेन्सी जातात.

आता याचा अर्थ बघा. आपल्या बोलण्यातले स्वर, आ, ई, ओ वगैरे, यांची ताकद बरीचशी १००० हर्ट्झच्या खाली असते. स, श, फ यांसारखी व्यंजनं वर असतात, 'स' तर ४००० च्याही पुढे, आणि ती मुळातच दुबळी असतात. त्यामुळे आजीला आवाज येतो, पण शब्द लागत नाही. 'सहाची गाडी' आणि 'दहाची गाडी' यांत फरक करणारी जी एकच गोष्ट आहे, तीच नेमकी गळून पडते. मग माणूस अंदाजाने 'हो, हो' म्हणायला लागतो. चार वेळा उत्तर चुकलं की घरचे म्हणतात, हिला आता काही लक्षात राहत नाही! आजीच्या बाबतीत आमच्याकडे वर्षभर हीच समजूत होती. तिची स्मरणशक्ती उत्तम होती, तिच्यापर्यंत पोहोचत नव्हती ती व्यंजनं.

दुसरी गोष्ट. तुम्ही हळू बोललात तर "काय?" आणि जोरात बोललात तर "ओरडतोस कशाला?" हा अनुभव ज्यांच्या घरी वडीलधारे आहेत त्या सर्वांना असेल. तो हट्ट नसतो. समजा ऐकू येण्याची सुरुवातच ६० डेसिबलला होते आणि कान दुखायला लागण्याची मर्यादा १०० लाच राहिली, तर मधे उरले फक्त ४० डेसिबल. तुमच्या-माझ्या कानाला जवळपास शंभर मिळतात. सगळं जग या ४० मध्ये बसवायचं, म्हणून मशीन हळू आवाज जास्त वाढवतं आणि मोठा आवाज कमी वाढवतं. यालाच कॉम्प्रेशन म्हणतात. रस्त्यावर मिळणारा स्वस्त 'आवाज वाढवणारा' डबा आणि खरं हिअरिंग एड यांतला मुख्य फरक हाच. डबा सगळंच वाढवतो, स्कूटरचा हॉर्नसुद्धा.

बाकी ब्लॉक डायग्राम आपल्या ओळखीची आहे: मायक्रोफोन, ॲम्प्लिफायर, छोटा स्पीकर आणि सेल. या स्पीकरला या धंद्यात 'रिसीव्हर' म्हणतात, का कोण जाणे. बेल लॅब्जमध्ये १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि तो बाजारात ज्या वस्तूंमधून सर्वांत आधी आला त्यांत १९५२ ची हिअरिंग एड होती. रेडिओचा नंबर त्यानंतर लागला. पुढे १९९६ च्या सुमारास संपूर्ण डिजिटल मशीन आली आणि डीएसपी कानात जाऊन बसला.

आता शिट्टी. रिसीव्हरमधून निघालेला आवाज कानातल्या फटीतून बाहेर गळतो, पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा गळतो. ओळखलंत? बार्कहाउसन! लूप गेन एक झाला आणि फेज जुळली की ॲम्प्लिफायरचा ऑसिलेटर होतो. हिशेब सोपा आहे: मशीन ४५ डेसिबल वाढवत असेल आणि गळतीच्या वाटेत आवाज फक्त ४० डेसिबलच कमी होत असेल, तर शिट्टी वाजणार. म्हणजे जितका जास्त गेन हवा, तितका मायक्रोफोन रिसीव्हरपासून लांब हवा किंवा फट तितकी घट्ट बंद हवी. अगदी लहान मशीनमध्ये ही दोघं जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर अंतरावर असतात. त्यातून आजीची बोटं ते नीट आत ढकलू शकत नव्हती, म्हणजे फट कायमची उघडी. हल्लीच्या मशीनमध्ये गळतीच्या वाटेचा अंदाज घेऊन तेवढा सिग्नल वजा करणारा ॲडॅप्टिव्ह फिल्टर असतो, पण त्यालाही मर्यादा आहेतच.

पिंपातल्या आवाजाचा प्रयोग वाचता वाचता करून बघा. दोन्ही कानांत बोटं घाला आणि 'ईऽऽ' म्हणा. डोक्यात भोंगा वाजला ना? आपण बोलतो तेव्हा कानाच्या नळीच्या भिंतीही थरथरतात. नळी उघडी असली तर तो खालच्या फ्रीक्वेन्सीचा आवाज बाहेर निघून जातो, बूच लावलं की आतच कोंडतो. ज्याला खालच्या फ्रीक्वेन्सी मुळातच कमी ऐकू येतात त्याला याचा फारसा त्रास होत नाही. पण आजीसारख्या ग्राफवाल्याला होतोच होतो. अशा कानाला बूच नकोच. भोकं असलेली सिलिकॉनची छोटी टोपी, जिला डोम म्हणतात, ती पुरते. खालचे आवाज आपोआप आत-बाहेर जातात, मशीन फक्त वरचे आवाज भरून देतं.

हे दोन मुद्दे कळले की प्रकार निवडणं बरंच सोपं होतं.

खिशातलं मशीन, म्हणजे शर्टाच्या खिशात डबी आणि कानापर्यंत वायर, आता मागे पडलंय, पण मला ते टाकाऊ वाटत नाही. मायक्रोफोन छातीवर असल्यामुळे शिट्टी जवळपास नाही, साधा पेन्सिल सेल चालतो, बटणं मोठी. हात थरथरणाऱ्यांना सोयीचं. तोटा म्हणजे कपड्यांची खरखर ऐकू येते आणि वायर तुटते.

कानामागचं, ज्याला बीटीई म्हणतात, हा खरा ऑलराउंडर. सौम्यपासून अतितीव्र श्रवणदोषापर्यंत सगळीकडे चालतं. लहान मुलांना तर सहसा हेच देतात, कारण कान वाढतो तसा फक्त साचा बदलायचा, मशीन तेच. 'कानामागून आली आणि तिखट झाली' ही म्हण या मशीनला अगदी चपखल बसते! यातच एक बारीक पोकळ नळीचा प्रकार असतो. रिसीव्हर कानामागेच राहतो आणि आवाज नळीतून डोमपर्यंत येतो.

त्याचा चुलतभाऊ आरआयसी. यात रिसीव्हरच बारीक वायरच्या टोकाला कानाच्या नळीत असतो. दिसायला नाजूक, आवाज स्वच्छ, आजकाल शहरांत याचीच चलती आहे. पण रिसीव्हर मळाच्या आणि घामाच्या तोंडी येतो. मळ अडवणारी जाळी वेळोवेळी बदलावी लागते. ज्यांच्या कानात मळ जास्त होतो, किंवा जे ऑडिओलॉजिस्टपासून लांब राहतात, त्यांनी याचा आधी विचार करावा.

मग कानातली मशीन: पूर्ण वाटी भरणारं आयटीई, त्याहून लहान आयटीसी, आणि नळीत लपणारं सीआयसी. लहान म्हणजे वाईट असं मी म्हणणार नाही. सीआयसीचा मायक्रोफोन कानाच्या पाळीच्या आत असल्यामुळे आवाजाची दिशा नैसर्गिकपणे कळते, वाऱ्याचा घोंघाट कमी येतो, फोन नेहमीसारखा कानाला लावता येतो, चष्मा आणि मास्कशी भांडण नाही. पण त्यात सहसा दोन मायक्रोफोनना जागा नसते. दोन मायक्रोफोन कशाला? ते साधारण एक सेंटिमीटर अंतरावर असतील तर समोरचा आवाज मागच्या मायक्रोफोनवर सुमारे ३० मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो. या फरकावरून मशीन मागून येणारा आवाज दाबतं. लग्नाच्या हॉलमध्ये समोरच्याचं बोलणं ऐकायचं असेल तर हीच युक्ती कामाला येते. तेव्हा सौम्य ते मध्यम दोष, धडधाकट बोटं, कोरडा कान, असा माणूस असेल तर सीआयसी खुशाल घ्यावं. कान वाहत असेल तर मात्र कानात बूच बसवणारं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अशांसाठी हाडातून आवाज पोहोचवणारी वेगळी मशीन असतात.

सेलबद्दल थोडं, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. हे झिंक-एअर सेल. मागचं स्टिकर काढलं की भोकांतून हवा आत जाते आणि सेल जिवंत होतो. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवायचा. स्टिकर पुन्हा चिकटवून तो वाचवता येत नाही. आकार चार, रंगही ठरलेले: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. सीआयसीतला १० नंबर जेमतेम ६ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि आठवड्याच्या आत संपू शकतो. १३ नंबर आठवडा-दोन आठवडे जातो आणि चिमटीत तरी येतो. आता चार्जिंगची मशीनही मिळतात, रात्री डबीत ठेवली की दिवसभर चालतात. बोटांचा त्रास असेल तर उत्तमच, फक्त रात्री लाईट गेली तर काय, हे गावाकडच्यांनी विचारावं. आणि घरात लहान मूल असेल तर हे सेल त्याच्या हाताला लागू देऊ नका. गिळल्यास ताबडतोब हॉस्पिटल.

आमच्या आजीने शेवटी घेतलं ते बारीक नळीचं बीटीई, १३ नंबर सेलवालं, दोन्ही कानांना. मी आरआयसीच्या बाजूने होते. मॅडमनी विचारलं, "आजी राहतात कुठे?" देवरुख, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "चार महिने पाऊस, रिसीव्हर कानात नको." नळी घरी साफ करता येते, बदलायलाही स्वस्त. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत. काका अजूनही म्हणतात की दिसतं. दिसतं खरं, पण आजीचे केस पांढरे आणि मशीन राखाडी, मुद्दाम बघितलं तरच. पहिले तीन दिवस ती पंख्याच्या आवाजावर चिडली होती, वर्तमानपत्राची सळसळसुद्धा तिला सहन होईना. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला शांत खोलीत दोन-तीन तास, मग हळूहळू वाढवायचं. गेल्या महिन्यात तिने मला फोनवर दम दिला, "पुटपुटू नकोस, मला ऐकू येतंय."

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणदोषासाठी उपचार किंवा मदतीची गरज आहे. म्हणजे हा प्रश्न तुमच्याही घरी येणार. तेव्हा आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, कारण कधी कधी नुसता मळ काढूनही काम होतं. एका रात्रीत अचानक ऐकू येईनासं झालं तर मशीनच्या भानगडीत न पडता लगेच डॉक्टर गाठायचा, तिथे एकेक दिवस महत्त्वाचा असतो. मग ऑडिओलॉजिस्ट, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, तिथे तपासणी होते. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या दिव्यांगांना केंद्र सरकारच्या एडीआयपी योजनेतून मशीन मिळू शकतं. बाजारात किमती काही हजारांपासून जोडीला लाखाच्या वर जातात, आणि महागड्यात जे जास्तीचे चॅनेल, ब्लूटूथ वगैरे असतं ते दिवसभर घरात चार माणसांत राहणाऱ्याला लागतंच असं नाही. त्या पैशात दुसऱ्या कानाचं मशीन आधी घ्यावं. घरी नेऊन ट्रायल देतात का, तीही मिक्सर, टीव्ही आणि फोनसकट, ते विचारा. पुढचं सेटिंग करून द्यायचे वेगळे पैसे आहेत का, आणि मशीन दुरुस्तीला गेलं तर मधल्या दिवसांत दुसरं वापरायला देणार का, हे पैसे मोजण्याआधी बिलावर लिहून घ्या.