चिठ्ठी आणि मत

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहावयास दूरदूरचे प्रवासी येतात. परंतु त्याच लोणारात गटार तुंबले किंवा नळास पाणी आले नाही, तर लोक धाव घेतात ती नगरपरिषदेकडे. खामगाव, मेहकर, सिंदखेडराजा येथेही तसेच. ह्या परिषदांचे सदस्य मतदार निवडतात हे खरे. पण मतदारांच्याही आधी एक चिठ्ठी आपले काम करून गेलेली असते.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभारात स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. आता कोणत्या प्रभागातील जागा स्त्रियांची, हे ठरवावे कोणी? एखाद्या अधिकाऱ्याने ठरविल्यास पक्षपाताचा संशय यावयाचा. म्हणून सर्वांसमक्ष सोडत काढतात. सारख्या घडीच्या चिठ्ठ्या भांड्यात टाकतात आणि पुष्कळदा शाळेतील एखादे मूल त्यांतील एक उचलते. मत देण्यास ज्याला १८ वर्षांचे होईपर्यंत थांबावयाचे आहे, त्याच्याच हाती हे काम यावे, ही मौजच नव्हे काय? वर्षानुवर्षे तयारी केलेल्या एखाद्या पुरुषाची संधी त्या क्षणी हुकते, आणि उमेदवारीचा विचार कधी मनातही न आणलेली एखादी गृहिणी अर्ज भरावयास निघते.

मग मतदान होते. मोजणीत दोघांस अगदी सारखी मते पडली, तर पुन्हा चिठ्ठीच काढावी लागते. त्या दिवशी कंटाळून घरी बसलेला एखादा मतदार केंद्रावर गेला असता, तर ह्या दुसऱ्या चिठ्ठीचे कारणच उरले नसते.