शासकीय दस्तऐवजांची सुगम्यता आणि खर्चाचा हिशेब

आदेशाची छापील प्रत सही-शिक्क्यानिशी स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवली, की ती सर्वांपर्यंत पोहोचली असे मानले जाते. वस्तुतः ते केवळ चित्र असते. दृष्टिहीन नागरिकाच्या स्क्रीन रीडरला त्यात एकही अक्षर सापडत नाही. (सही-शिक्क्याविना कागद खरा नव्हे, ही आपली जुनी समजूत येथे महाग पडते.) मराठीत आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्व फाँटांतील मजकूर डोळ्यांना मराठी दिसला, तरी संगणकाच्या लेखी ती बहुधा रोमन चिन्हेच असतात.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४(४) माहिती प्रसृत करताना किफायतशीरपणा व स्थानिक भाषा विचारात घ्यावयास सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ सुगम स्वरूपाची जबाबदारी शासनावर टाकते. ही दोन्ही बंधने एकत्र कशी पाळावीत?

नवा दस्तऐवज युनिकोडमध्ये टंकून मूळ फाइलवरूनच पीडीएफ केल्यास जादा खर्च नगण्य असतो. जुन्या कागदांतील जोडाक्षरे आणि तक्ते मात्र माणसालाच तपासावे लागतात. तो खर्च खरा आहे. म्हणून ज्यांवर आजही कुणाचे निवृत्तिवेतन वा अर्जाची मुदत अवलंबून आहे, ते कागद आधी घ्यावेत, उरलेले मागणीनुसार. आपले खासगी पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागणाऱ्या नागरिकाची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. हिशेबात तीही धरावयास हवी.

कृती : एखाद्या शासकीय पीडीएफमधील ओळ निवडून अन्यत्र चिकटवा. काय उमटते, ते नोंदवा.