मालिकेतील लाडक्या पात्रांची एक्झिट

दूरचित्रवाणी मालिकेतील पात्र हे कायद्याच्या दृष्टीने निर्मिती संस्थेच्या किंवा वाहिनीच्या मालकीचे असते. त्याचे नाव, त्याचा पूर्वेतिहास आणि त्याच्या तोंडचे संवाद हे सारे निर्मात्याकडे राहते आणि नट त्या पात्राला ठरावीक मुदतीपुरता आपला देह, आवाज आणि वेळ देतो. प्रेक्षकाच्या मनात मात्र अशी वाटणी कधीच होत नाही. रात्रीच्या जेवणाच्या वेळी वर्षानुवर्षे घरात येणारा चेहरा हेच त्याच्या लेखी ते पात्र असते, त्यामुळे नट मालिका सोडून गेला की कागदोपत्री पात्र शिल्लक असले तरी घराघरांतून ते निघून गेलेले असते. लाडक्या पात्राला लेखक का मारतात, परगावी का धाडतात किंवा त्याच्या जागी एके दिवशी निराळाच चेहरा का दिसू लागतो, या प्रश्नांचा उगम या दोन मालकींमधल्या अंतरात आहे.

रंगभूमीला हा पेच एवढा छळत नाही. नाटकातला नट बदलला की मराठी नाट्यव्यवसायात त्याला ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात आणि प्रेक्षकही ती फारशी कुरकुर न करता स्वीकारतो. १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी उभे केलेले ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर पुढे दत्ता भट आणि इतर नटांनीही साकारले, त्यावरून तुलना झाल्या, पण अप्पासाहेब हे पात्र त्यामुळे संपले नाही, कारण ते कुसुमाग्रजांच्या संहितेत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आधीच पूर्ण झालेले होते. मालिकेची संहिता अशी पूर्ण नसते. ती चित्रीकरणाच्या थोडीच पुढे धावत असते, आणि लिहिता लिहिता लेखकाला नटाची बोलण्याची ढब, त्याचे थांबणे, त्याचे हसणे इतके अंगवळणी पडते की संवाद त्याच मापाने बेतले जाऊ लागतात. काहीशे भागांनंतर पात्र कुठे संपते आणि नट कुठे सुरू होतो, हे लेखकालाही सांगता येणार नाही.

नट मालिका सोडतात त्यामागे आजारपण, बाळंतपण, मानधनावरचे मतभेद, रोजच्या बारा-बारा तासांच्या कामाचा थकवा किंवा एकाच भूमिकेत कायमचे अडकून पडण्याची भीती अशी साधी माणसाची कारणे असतात, आणि सोडणे कधी शक्य होते हे करार ठरवतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात व्यक्तिगत सेवेचा कोणताही करार सात वर्षांपलीकडे बांधून ठेवू शकत नाही. अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलँड यांनी वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध लढलेल्या खटल्यात १९४४ मध्ये हा नियम पक्का झाला. ब्रिटनमधील करार बहुधा याहून आखूड असतात. ‘डाउन्टन ॲबी’ या मालिकेत तीन वर्षांचा करार संपल्यावर डॅन स्टीव्हन्स यांनी तो वाढवला नाही, आणि २०१२ च्या नाताळच्या भागात मॅथ्यू क्रॉली नवजात मुलाला पाहून घरी परतताना मोटार अपघातात मरण पावला. सणाच्या रात्री असा आघात केल्याबद्दल प्रेक्षक संतापले. परंतु मालिकेचे लेखक ज्युलियन फेलोज यांनी दिलेले कारण समजून घेण्यासारखे आहे. वाड्यातला नोकर दुसरीकडे चाकरी धरू शकतो, पण बायकोवर जीव असलेला, नुकताच बाप झालेला वारस घर सोडून जाणार तरी कुठे? कथेत पात्राचे जे स्थान असते तेच अशा वेळी त्याच्यापुढचे मार्ग उघडे किंवा बंद करते.

तरीही निरोप कसा दिला जाईल हे ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट कथेच्या बाहेरची आहे, आणि ती म्हणजे नट जाणार हे लेखकाला किती आधी कळले. याचा याहून स्पष्ट दाखला शोधूनही सापडणार नाही, असा प्रसंग १९७५ मध्ये ‘मॅश’ या अमेरिकी मालिकेत घडला. कोरियन युद्धाच्या आघाडीमागे तंबूंत चालणाऱ्या लष्करी फिरत्या रुग्णालयाची ही विनोदी मालिका १९७२ मध्ये सुरू झाली होती, आणि तिच्यातील भोळसट, प्रेमळ प्रमुख हेन्री ब्लेक हा मॅक्लीन स्टीव्हन्सन या नटाने घरोघरी पोहोचवला होता. दुय्यम भूमिकेत राहणे स्टीव्हन्सन यांना नकोसे झाले होते आणि तिसरे पर्व संपण्यापूर्वीच त्यांचे जाणे ठरले, त्यामुळे लेखकांच्या हाती निरोपाचा एक पूर्ण भाग होता. १८ मार्च १९७५ रोजी दाखवल्या गेलेल्या त्या भागात हेन्रीची लष्करी सेवा संपते, सहकारी त्याला मेजवानी देतात, नवा सूट घालून तो हेलिकॉप्टरकडे जातो आणि प्रेक्षक डोळे पुसत समाधानाने उठायच्या बेतात असतो.

मात्र संहितेचे शेवटचे पान बहुतेक नटांना दिलेलेच नव्हते. बाकीचे चित्रीकरण आटोपल्यावर ते त्यांच्या हाती ठेवण्यात आले. त्या प्रसंगात शस्त्रक्रिया चालू असताना रडार हा तरुण कारकून तोंडावर मास्क न लावता आत येतो आणि हेन्रीचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेले असून कोणीही वाचलेले नाही, असा निरोप वाचून दाखवतो. डॉक्टर हातातले काम थांबवत नाहीत. जखमी समोर पडलेला असताना ते थांबवता येतच नाही. मुखपट्ट्यांच्या वर फक्त डोळे दिसतात, आणि त्या शांततेत कोणाच्या तरी हातून एक उपकरण खाली पडल्याचा आवाज होतो. तो आवाज संहितेत नव्हता, चित्रीकरणाच्या वेळी तो आपसूक घडला आणि दिग्दर्शकाने तो तसाच राहू दिला. विनोदी मालिकेतले आवडते पात्र असे मारल्याबद्दल रागाची असंख्य पत्रे आली, तेव्हा मालिकेचे प्रमुख लेखक लॅरी गेलबार्ट यांनी त्यांतल्या अनेकांना स्वतः उत्तरे लिहिली. युद्धात घरी निघालेला माणूसही घरी पोहोचतोच असे नाही, ही त्यांची भूमिका होती. नटाच्या जाण्याने उभी राहिलेली अडचण मालिकेच्या विषयाशी इतकी प्रामाणिकपणे जोडल्याचे उदाहरण क्वचितच सापडते.

याच मालिकेतील दुसरा नायक ट्रॅपर जॉन याच्या वाट्याला मात्र साधा निरोपही आला नाही. ही भूमिका करणाऱ्या वेन रॉजर्स यांनी तिसऱ्या आणि चौथ्या पर्वांच्या मधल्या सुट्टीत मालिका सोडली. वर्तनविषयक अटीवर आक्षेप असल्याने त्यांनी करारावर सहीच केलेली नव्हती, म्हणून त्यांना थांबवण्याचा निर्मात्यांचा प्रयत्न फसला. कॅमेऱ्यासमोर निरोप घ्यायला नटच नव्हता. मग नव्या पर्वाच्या पहिल्या भागात जिवलग मित्र हॉकआय रजेवरून परततो तेव्हा ट्रॅपर नुकताच घरी निघून गेल्याचे त्याला कळते, आणि मित्राने मागे ठेवलेला निरोप म्हणून रडार त्याच्या गालाचे चुंबन घेतो. एकाच वर्षी, एकाच मालिकेत, एकाचे जाणे दूरचित्रवाणीच्या इतिहासात नोंदले गेले आणि दुसऱ्याचे एका वाक्यात उरकले गेले, याचे कारण पात्रांच्या योग्यतेत नव्हते.

पात्राला मारण्यामागे व्यावसायिक हिशेबही असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मृत्यूचा प्रोमो, म्हणजे येणाऱ्या भागाची जाहिरात, प्रेक्षक खेचून आणतो, बाकीच्या पात्रांना नवे ‘ट्रॅक’ म्हणजे उपकथा मिळतात, आणि जो नट पुन्हा वाटाघाटींना बसण्याची शक्यता असते त्याच्यासाठी दार बंद होते. परंतु हे दार निर्मात्यालाच पुन्हा उघडावे लागले की कथेची फार ओढाताण होते. ‘डॅलस’ मालिकेत पॅट्रिक डफी यांनी काम सोडले म्हणून १९८५ मध्ये बॉबी युइंग मारला गेला. प्रेक्षकसंख्या घसरल्यावर डफी यांना परत आणले गेले आणि मे १९८६ मध्ये बॉबीची पूर्वपत्नी पॅम झोपेतून उठते तर तो न्हाणीघरात अंघोळ करत असतो. त्याच्या मृत्यूपासूनचे सबंध पर्व हे पॅमचे स्वप्न ठरवण्यात आले. वर्षभर ज्यांनी त्या दुःखात मनापासून भाग घेतला त्यांच्याशी झालेला हा व्यवहार न्यायाचा नव्हता.

भारतात हाच प्रयोग ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ने केला. ३ जुलै २००० रोजी सुरू झालेल्या या मालिकेतील मिहीर विरानी, म्हणजे अमर उपाध्याय, अपघातात मरण पावल्याचे दाखवताच देशभर हळहळ आणि संताप उसळला, आणि अखेर मिहीर वाचला असून त्याची स्मृती गेली आहे, अशी कथा रचावी लागली. पुढे उपाध्याय यांनी खरोखरच मालिका सोडली तेव्हा मात्र निर्मात्यांनी मिहीरला हात लावला नाही. आधी इंदर कुमार आणि नंतर रोनित रॉय यांनी ती भूमिका केली, आणि रॉय यांचा मिहीर २००८ मध्ये मालिका संपेपर्यंत टिकला. २०२५ मध्ये मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा मिहीर म्हणून पुन्हा अमर उपाध्यायच उभे राहिले.

मराठी वाहिन्यांचा कल चेहरा बदलण्याकडेच अधिक दिसतो. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया रसिका सुनील शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्यावर ईशा केसकर यांनी साकारली आणि रसिका परतल्यावर ती त्यांच्याकडे परत गेली; ‘अग्गंबाई सासूबाई’चे २०२१ मध्ये ‘अग्गंबाई सूनबाई’ झाले तेव्हा शुभ्राच्या भूमिकेत तेजश्री प्रधान यांच्या जागी उमा पेंढारकर आल्या; आणि २०२५ च्या सुरुवातीला ‘प्रेमाची गोष्ट’मधली मुक्ता प्रधान यांच्याकडून स्वरदा ठिगळे यांच्याकडे गेली. याचे कारण रोजच्या प्रसारणात आहे. चित्रित झालेल्या भागांचा साठा, ज्याला या व्यवसायात ‘बँक’ म्हणतात, थोड्याच दिवसांचा असतो आणि सगळी कथा नायिकेभोवती विणलेली असते, तेव्हा तिला मारणे म्हणजे मालिकाच मारणे ठरते. ब्रिटनच्या ‘डॉक्टर हू’ने या बदलालाच कथेचा नियम बनवले: विल्यम हार्टनेल प्रकृतीमुळे थकले तेव्हा १९६६ मध्ये परग्रहावरचा डॉक्टर देह पालटून पॅट्रिक ट्रॉटन झाला, आणि त्या युक्तीवर मालिका आजवर चालत आली. चाळीत किंवा बंगल्यात राहणाऱ्या सुनेला ही सोय नसते. तिच्या नव्या चेहऱ्याकडे पाहून सासू, नवरा, शेजारी कोणीही दचकत नाही आणि दचकण्याचे काम एकट्या प्रेक्षकाकडे राहते. नव्या अभिनेत्रीला तर पहिल्या दिवसापासून दुसऱ्या कोणाच्या तरी आठवणीशी झगडावे लागते.

काही वेळा पात्राला मारले जात नाही आणि बदललेही जात नाही. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’मधील दयाबेन ही तिची भूमिका करणाऱ्या दिशा वाकाणी २०१७ मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेल्यापासून माहेरी, अहमदाबादेत आहे. अभिनेत्रीच्या मानाच्या दृष्टीने हे शोभून दिसते, पण वर्षामागून वर्षे प्रेक्षकाला वाट पाहायला लावणे हा निरोप नव्हे.

प्रेक्षकाला खरे सांगण्याची सर्वांत मोठी हिंमत मोठ्यांच्या कोणत्याही मालिकेने दाखवली नाही. ती ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या अमेरिकी मालिकेने दाखवली. गल्लीतल्या दुकानाचे मालक मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. हूपर निवृत्त होऊन दुसऱ्या गावी गेले, असे सांगता आले असते आणि त्याचा विचारही झाला, पण निर्मात्यांनी बालमानसशास्त्राच्या जाणकारांचा सल्ला घेऊन मुलांना मृत्यू मृत्यू म्हणूनच सांगायचे ठरवले. तो भाग २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, ‘थँक्सगिव्हिंग’च्या सुट्टीच्या दिवशी दाखवला गेला, म्हणजे मुलांनी काही विचारले तर उत्तर द्यायला आईवडील घरी असतील. त्यात बिग बर्ड हा पिवळा, उंच, मुलांसारखाच निरागस पक्षी आपल्या सगळ्या मित्रांची चित्रे काढून वाटतो आणि हूपरांचे चित्र हातात धरून ते कुठे आहेत, असे विचारतो. ते वारले आणि आता परत येणार नाहीत, हे मोठी माणसे त्याला सांगतात. मग दुकान कोण चालवणार, आपल्याला गोष्टी कोण सांगणार, हे असे का व्हावे, असे तो एकेक विचारत जातो, आणि शेवटच्या प्रश्नाला कोणाजवळच उत्तर नसते. समोर उभ्या असलेल्या नटांनी आपला सहकारी खरोखर गमावला होता आणि त्यांच्या डोळ्यांतले पाणी खरे होते.

हूपरांच्या जागी दुसरा नट कधीच आणला गेला नाही. त्यांचे चित्र बिग बर्डने आपल्या घरट्याजवळ टांगले, आणि दुकान पुढे इतरांनी चालवले तरी त्याचे नाव आजही ‘हूपर्स स्टोअर’ असेच आहे.